ख्रिस्तप्रसाद आणि दैवी करुणेची भक्ती

ख्रिस्तप्रसादातील दैवी प्रेमाची व करुणेची भक्ती ही रोमन कॅथलिक परंपरेतील एक व्यापक उपासनाधारा आहे. मिस्साविधीत अर्पिलेली बेखमीर भाकर आणि द्राक्षारस ही येशू ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, ही कॅथलिक श्रद्धा तिच्या मुळाशी आहे. या श्रद्धेनुसार वेदीवरील भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष उपस्थित असतो. ही उपस्थिती म्हणजे देवाच्या माणसावरील प्रेमाची परिसीमा, असे मानून तिचे चिंतन, आराधन आणि ग्रहण करणे हे या भक्तीचे स्वरूप होय. पवित्र शरीराचा सण, येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती, महिन्याचा पहिला शुक्रवार, पवित्र तास आणि विसाव्या शतकातील दैवी करुणेची भक्ती ही तिची प्रमुख रूपे आहेत.

या सर्व रूपांच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो. देव एवढा पवित्र असेल, तर पापी माणसाने वेदीपासून दूर राहावे, की पापी आहे म्हणूनच जवळ यावे? या प्रश्नावर पुस्तके लिहिली गेली, धर्मपीठाने आज्ञापत्रे काढली आणि कित्येक सामान्य माणसांनी आयुष्यभर वेदीच्या पायऱ्यांशी थबकून दिवस काढले.

== संज्ञा ==

या संस्काराचे मूळ ग्रीक नाव 'युखारिस्तिया' असे असून त्याचा अर्थ 'कृतज्ञतापूर्वक आभार मानणे' असा आहे. मराठीभाषक कॅथलिकांमध्ये 'ख्रिस्तप्रसाद' आणि 'ख्रिस्तशरीर' हे शब्द रूढ आहेत. संपूर्ण विधीला 'पवित्र मिस्सा' म्हणतात. 'मिस्सा' हा शब्द पोर्तुगीजांमार्फत मराठी व कोकणीत आला. प्रॉटेस्टंट मंडळींत 'प्रभुभोजन' ही संज्ञा अधिक प्रचलित आहे.

'ख्रिस्तप्रसाद' या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात थोडा घोटाळा होण्याचा संभव आहे. देवळातला प्रसाद देवाला दाखवलेल्या नैवेद्याचा असतो आणि तो हात पुढे करणाऱ्या कोणालाही मिळतो. घेणाऱ्याची पात्रता कोणी विचारत नाही. ख्रिस्तप्रसादाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत. कॅथलिक श्रद्धेनुसार तो देवाला दाखवून परत घेतलेला पदार्थ नसून स्वतः ख्रिस्त आहे. तो घेणाऱ्याचा बाप्तिस्मा झालेला असावा लागतो आणि गंभीर पाप घडले असल्यास आधी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा लागतो. असे असले तरी 'प्रसाद' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ प्रसन्नता, अनुग्रह असा आहे. त्या अर्थाने पाहिले तर हा शब्द योजणाऱ्यांनी नेमके मर्म पकडले, असे म्हणावे लागते.

== शास्त्राधार ==

येशूने वधस्तंभावरील मृत्यूच्या आदल्या रात्री शिष्यांसह भोजन केले, भाकर मोडून दिली, प्याला पुढे केला आणि आपल्या स्मरणार्थ असे करत राहण्यास सांगितले. हा प्रसंग मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय ११) येतो. योहानाच्या शुभवर्तमानात भाकर मोडण्याचा प्रसंग नाही. त्या जागी येशू शिष्यांचे पाय धुतो, असे वर्णन आहे; भाकरीविषयीचे प्रवचन त्याआधी सहाव्या अध्यायात येऊन गेलेले आहे.

वर उल्लेखिलेल्या प्रश्नाची दोन्ही टोके याच ग्रंथांत सापडतात. पौल करिंथ येथील मंडळीला बजावतो, की अयोग्य रीतीने ही भाकर खाणारा स्वतःवर दोष ओढवून घेतो. तेथे संपन्न लोक आधीच खाऊनपिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत, हे त्याच्या संतापाचे निमित्त होते. पुढील काळात हा संदर्भ बराचसा मागे पडला व इशारा तेवढा उरला. दुसरीकडे त्या रात्री मेजाशी कोण बसले होते, हेही पाहण्याजोगे आहे. पहाटेपर्यंत तीनदा आपल्या गुरूला नाकारणारा पेत्र तेथे होता. आणि लूकचा क्रम प्रमाण मानला तर भाकर व प्याला दिला जात असताना विश्वासघात करणारा यहूदाही तेथे होता.

योहानाच्या शुभवर्तमानात (१९:३४) मृत येशूच्या कुशीत शिपायाने भाला खुपसला आणि रक्त व पाणी बाहेर आले, असा उल्लेख आहे. ऑगस्टीन, योहान क्रिसोस्तोम आदी आचार्यांनी पाणी म्हणजे बाप्तिस्मा आणि रक्त म्हणजे ख्रिस्तप्रसाद असा अर्थ लावला. भेदलेल्या कुशीतून संस्कार वाहतात, ही प्रतिमा पुढील सर्व भक्तीचे उगमस्थान ठरली. आरंभीच्या आचार्यांचा कल जवळ येण्याकडे होता. अंत्युखियाच्या इग्नेशियसने या भाकरीला अमरत्वाच्या औषधाची उपमा दिली. मिलानचा बिशप अँब्रोज याचा युक्तिवाद तर सरळ होता: पाप नित्य घडते, तेव्हा औषधही नित्य हवे.

== मध्ययुग: दर्शन आणि अंतर ==

मध्ययुगात मात्र सामान्य लोक हा प्रसाद क्वचितच घेत असत. इ.स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, तो घ्यावा असा नियम केला. नियम करावा लागला, यातच तत्कालीन परिस्थिती स्पष्ट होते. ग्रहणाची जागा दर्शनाने घेतली होती. धर्मगुरूने अभिमंत्रित भाकर दोन्ही हातांनी उंच धरण्याची प्रथा याच काळात रुजली आणि तो एक क्षण पाहण्यासाठी लोक एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये धावत.

आजच्या बेल्जियममधील लिएज येथील ज्युलियाना (मृत्यू १२५८) ही या काळातील महत्त्वाची व्यक्ती. लहानपणीच पोरकी झालेली ही मुलगी मठात वाढली. तिला वारंवार पूर्णचंद्राचे दर्शन होई आणि त्या चंद्रबिंबावर एक काळा पट्टा दिसे. चंद्र म्हणजे ख्रिस्तसभेचे वर्ष आणि काळा पट्टा म्हणजे त्यात नसलेला ख्रिस्तप्रसादाचा सण, असा अर्थ तिने लावला. कित्येक वर्षे तिने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. १२४६ मध्ये लिएजच्या बिशपने आपल्या प्रांतापुरता हा सण मान्य केला. पुढे राजकीय कलहात ज्युलियानाला मठ सोडावा लागला आणि तिचे निधन परक्या ठिकाणी झाले. लिएजमध्ये पूर्वी आर्चडीकन असलेले झाक पांतालेओं नंतर पोप चौथे अर्बन झाले. त्यांनी १२६४ मध्ये हा सण सर्व ख्रिस्तसभेस लागू केला. त्याची स्तोत्रे थॉमस अक्वायनस यांनी रचली, असे परंपरा मानते.

चौदाव्या शतकात या सणाच्या मिरवणुका युरोपभर निघू लागल्या. याच भक्तीची एक काळी बाजूही आहे आणि ती वगळून हा इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यू लोक अभिमंत्रित भाकर चोरून तिची विटंबना करतात, असे निराधार आरोप जर्मन प्रदेशांत पसरले. १२९८ मध्ये र्‍योटिंगेन येथील अशा आरोपातून सुरू झालेल्या हत्याकांडात फ्रँकोनिया भागातील ज्यू वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. बव्हेरियातील डेगेनडोर्फ येथे १३३८ मध्ये ज्यूंची कत्तल झाली. नंतर तिचे समर्थन अशाच कथेने करण्यात आले आणि त्या कथेवर आधारलेली यात्रा शतकानुशतके भरत राहिली. ती १९९२ मध्ये कायमची बंद करण्यात आली.

== यान्सेनवाद आणि पवित्र हृदय ==

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये ख्रिस्तप्रसादाला दैनंदिन दोषांवरील उतारा म्हटले आणि १५६२ मध्ये प्रत्येक मिस्साला उपस्थितांनी तो ग्रहण करावा, अशी इच्छा व्यक्त केली. परंतु सतराव्या शतकात फ्रान्समध्ये वारे उलट वाहू लागले. बिशप कॉर्नेलियस यान्सेन यांचा ऑगस्टीनवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाला. मनुष्यस्वभाव पापाने पूर्णतः खचलेला आहे आणि देवाची कृपा मोजक्यांनाच लाभते, अशी कठोर विचारसरणी त्यातून उभी राहिली. तिलाच यान्सेनवाद म्हणतात.

त्या पंथाचे आंत्वान आर्नो यांनी १६४३ मध्ये वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्याविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याचे निमित्त गमतीचे वाटेल. ज्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घेतला त्याच दिवशी नृत्यसमारंभास जावे की नाही, यावरून दोन उच्चकुलीन स्त्रियांत मतभेद झाला आणि त्यांच्या धर्मगुरूंत तो पेटला. आर्नो यांचे म्हणणे असे, की पापाची क्षमा मिळाल्यावरही माणसाने दीर्घ प्रायश्चित्त करून मन निर्मळ होईपर्यंत वेदीपासून दूर राहावे. त्यांना केवळ कर्मठ ठरवून मोकळे होणे योग्य नाही. सवयीने, अंतःकरण न हलता घेतलेल्या प्रसादाची त्यांना वाटलेली चीड खरी होती. पण या शिकवणीचा परिणाम असा झाला, की जो जितका सात्त्विक तो तितका स्वतःला अपात्र समजू लागला. प्रसादापासून दूर राहणे हेच भक्तीचे लक्षण मानले जाऊ लागले.

या वातावरणात बर्गंडीतील पारे-ल-मोनियाल या लहानशा गावी मार्गारेट मेरी अलाकोक (१६४७–१६९०) ही व्रतस्थ भगिनी राहत होती. २७ डिसेंबर १६७३ पासून तिला येशूची दर्शने होऊ लागली, असे तिने लिहून ठेवले आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध दर्शन जून १६७५ मधील आहे. पवित्र शरीराच्या सणाचा सप्ताह चालू होता, वेदीवर ख्रिस्तप्रसाद आराधनेसाठी मांडलेला होता आणि ती त्यापुढे प्रार्थना करत होती. येशूने आपले हृदय दाखवले. या हृदयाने माणसांवर एवढे प्रेम केले, पण त्या प्रेमाच्या संस्कारातच आपल्याला उपेक्षा व थंडपणा सोसावा लागतो, अशी व्यथा त्याने व्यक्त केली. सणाच्या सप्ताहानंतरचा शुक्रवार या हृदयाचा सण म्हणून पाळावा आणि त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घ्यावा, अशी मागणीही केली. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी प्रसाद घेणे आणि गुरुवारी रात्री अकरा ते बारा जागून येशूच्या गेथशेमाने बागेतील यातनांचे स्मरण करणे, हे आचारही तिच्याच दर्शनांतून आले.

आर्नो यांच्या देवाला माणसाच्या अयोग्यतेचा संताप होता. मार्गारेटच्या देवाला माणूस येत नाही याचे दुःख आहे. या भक्तीचा सारा आशय या फरकात आहे. पापीपणा दोघांनाही मान्य आहे, त्यावरचा इलाज मात्र नेमका उलटा आहे.

मठातील पुष्कळांना ही दर्शने भ्रम वाटली. १६७५ मध्ये तेथे आलेले येशूसंघीय धर्मगुरू क्लोद द ला कोलोंबिएर यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. हृदयाची भक्ती ही काही तिचीच निर्मिती नव्हती. हेल्फ्टा येथील गर्ट्रूड (१२५६–१३०२) हिच्या लेखनात ती आढळते आणि जॉन यूड्स यांनी १६७२ मध्येच पवित्र हृदयाचा सण आपल्या संस्थांत साजरा केला होता. पण ख्रिस्तप्रसादाशी तिची घट्ट सांगड पारे-ल-मोनियाल येथे पडली.

रोमने घाई केली नाही. पोप तेरावे क्लेमेंट यांनी १७६५ मध्ये मर्यादित मान्यता दिली. १७८६ मध्ये इटलीतील पिस्तोइया येथील धर्मसभेने या भक्तीवर टीका केली. देहाच्या एका अवयवाची पूजा कशी करावी, हा तिचा आक्षेप होता. १७९४ मध्ये पोप सहावे पायस यांनी त्याला उत्तर दिले: भक्त हृदयाला व्यक्तीपासून वेगळे काढून पूजत नाहीत, पूजा ख्रिस्ताचीच होते. १८५६ मध्ये हा सण सर्व ख्रिस्तसभेस लागू झाला. मार्गारेट मेरीला १९२० मध्ये संतपद मिळाले.

== दहाव्या पायस यांची आज्ञापत्रे ==

सण मान्य झाला तरी भीती गेली नाही. एकोणिसाव्या शतकातही बहुसंख्य लोक वर्षातून थोड्याच वेळा प्रसाद घेत आणि मठवासी भगिनींनाही त्यासाठी परवानगी लागे. लिझ्यू येथील तेरेझ १८८९ मध्ये अवघी सोळा वर्षांची होती. पापशंकांनी ग्रासून प्रसाद टाळणाऱ्या आपल्या मामेबहिणीला तिने पत्र लिहिले आणि भीती झुगारून वारंवार प्रसाद घेण्याचा आग्रह केला.

हे स्थित्यंतर घडवले पोप दहावे पायस यांनी. २० डिसेंबर १९०५ च्या आज्ञापत्राने रोज ख्रिस्तप्रसाद घेण्यास दोनच अटी उरल्या: गंभीर पापापासून मुक्त असणे आणि हेतू शुद्ध असणे. ८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्राने मुलांना साधारण सातव्या वर्षी, साधी भाकर आणि ही भाकर यांतील भेद कळू लागताच, प्रसाद द्यावा असे ठरले. तोपर्यंत अनेक ठिकाणी मुलांना बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागे. आर्नो यांच्या ग्रंथानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी हा वाद व्यवहारापुरता मिटला.

== फाउस्तिना आणि दैवी करुणा ==

विसाव्या शतकात हीच धारा पोलंडमध्ये नव्या नावाने प्रकटली. फाउस्तिना कोवाल्स्का (१९०५–१९३८) ही गरीब शेतकऱ्याची मुलगी. तिचे शालेय शिक्षण तीन वर्षांहून कमी झाले होते. मठात ती स्वयंपाक, बागकाम आणि दारावरची कामे करी. तिच्या पूर्ण व्रतनामात ख्रिस्तप्रसादाचा उल्लेख आहे. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्वोत्स्क येथे तिला येशूचे दर्शन झाले, असे तिच्या दैनंदिनीत नमूद आहे. त्याच्या छातीतून एक लाल आणि एक फिका असे दोन किरण निघत होते. हे रक्त आणि पाणी, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातील तीच जुनी प्रतिमा. आराधनेच्या वेळी भाकरीतूनही असेच किरण निघताना दिसल्याचे तिने लिहिले आहे. मिखाउ सोपोच्को या धर्मगुरूंच्या साहाय्याने चित्रकार एउगेनिउश काझिमिरोव्स्की यांनी १९३४ मध्ये विल्नियस येथे या दर्शनाचे पहिले चित्र रंगवले.

१९५९ मध्ये रोमने या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली. ती १९७८ मध्ये, क्राकूवचे आर्चबिशप कारोल वोयतिवा पोप होण्याच्या काही महिने आधी, उठली. वोयतिवा म्हणजेच पोप दुसरे जॉन पॉल. त्यांनी ३० एप्रिल २००० रोजी फाउस्तिनाला संत घोषित केले आणि ईस्टरनंतरचा रविवार दैवी करुणेचा रविवार म्हणून सर्व ख्रिस्तसभेत पाळला जावा असे जाहीर केले.

== अलीकडील वाद ==

प्रश्न संपलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मधील आपल्या उपदेशपत्रात ख्रिस्तप्रसाद हे निर्दोषांचे पारितोषिक नसून दुर्बलांचे औषध व अन्न आहे, असे प्रतिपादन केले. घटस्फोटानंतर चर्चच्या मान्यतेविना पुनर्विवाह केलेल्यांना प्रसाद घेता येईल का, हा प्रश्न त्यांच्या २०१६ मधील कुटुंबविषयक पत्रामुळे ऐरणीवर आला. चार कार्डिनलांनी लेखी शंका उपस्थित केल्या. त्यांच्या मते करुणेच्या नावाखाली विवाहाच्या अविभाज्यतेला बाध येतो. दुसऱ्या पक्षाच्या मते प्रत्येक जीवाची परिस्थिती पारखूनच निर्णय व्हावा. निरनिराळ्या देशांतील बिशपांनी त्याचे निरनिराळे अर्थ लावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सिस यांनी पवित्र हृदयावर स्वतंत्र परिपत्र प्रसिद्ध केले.

== महाराष्ट्र आणि गोवा ==

ख्रिस्ताचे जीवन मराठी ओवीत मांडणारे थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. म्हणजे मार्गारेट मेरीच्या जन्माच्या ३१ वर्षे आधी. वसई, मुंबई आणि गोवा येथील कॅथलिक घरांत बैठकीच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर व तिच्यापुढे लहानसा दिवा हे दृश्य नेहमीचे आहे. पहिल्या शुक्रवारची मिस्सा आणि आजारी माणसांना घरी नेऊन दिला जाणारा प्रसाद हे आचारही येथे रुजलेले आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला मुभा दिल्यावर मिस्सा मराठीत होऊ लागली आणि लॅटिनमध्ये ऐकू येणारे अर्पणाचे शब्द गावातल्या आजीलाही कळू लागले.

या भक्तीचा भारतातील सर्वांत मोठा सोहळा म्हणजे १९६४ ची मुंबईतील ३८वी आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषद. अशा परिषदांचा आरंभ १८८१ मध्ये फ्रान्समधील लील येथे झाला होता. मुंबईत ओव्हल मैदानावर मुख्य विधी झाले. २ ते ५ डिसेंबर या काळात पोप सहावे पॉल उपस्थित होते. भारतात आलेले ते पहिले पोप. ३ डिसेंबरच्या भाषणात त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना उद्धृत केली. परतताना त्यांनी आपली मोटार मदर तेरेसा यांना दिली आणि त्यांनी तिची सोडत काढून कुष्ठरोग्यांसाठी निधी उभारला.

परिषदेच्या काही दिवस आधी, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, याच पोपनी प्रसाद घेण्यापूर्वीचा उपवास एका तासावर आणला. पूर्वी मध्यरात्रीपासून अन्न वर्ज्य असे. आरंभी पाण्याचा घोटही चालत नसे, ती अट १९५३ मध्ये शिथिल झाली होती. १९५७ मध्ये उपवास तीन तासांचा झाला होता. सायंकाळच्या मिस्साची मोकळीकही १९५३ पासून मिळू लागली. त्यामुळे दिवसभर गिरणीत, गोदीत किंवा शेतात राबून आलेल्या माणसालाही दोन घास खाल्ल्यानंतर वेदीजवळ जाता येऊ लागले.